शिदोरीचे वजन

भुकूमहून पौडच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात पिरंगुटचा घाट लागतो. सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांपुढे तो घाट म्हणायलाही लाज वाटावी इतका लहान. पण या रस्त्यावर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना त्याची प्रत्येक वळणावरची खोड माहीत आहे. विटांचा भरलेला ट्रक इथे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतो आणि त्याच्यामागे पन्नास गाड्यांची रांग लागते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या पुतण्याने नवी इलेक्ट्रिक मोटार घेतली, आणि मला शेजारी बसवून तो याच घाटाला लागला. समोरचा टेम्पो डावीकडे सरकला तसा त्याने पाय दाबला. माझे डोके मागच्या उशीला टेकले. आवाज नाही, गिअर बदलल्याचा हिसका नाही. गाडी कुणीतरी वरून दोरीने ओढावी तशी चढली.

"काका, तुम्हाला वाटलं असेल, एवढी जड बॅटरी पोटात घेऊन ही काय पळणार?"

खरेच तसे वाटले होते, आणि त्याला कारण आहे. आयटीआय करून मी पिरंगुटच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा माझ्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची देखभाल होती. शिशाच्या त्या बॅटरीचे झाकण उघडायचे, हायड्रोमीटर बुडवून ॲसिडची घनता पाहायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचे, रात्री चार्जिंगला लावून घरी जायचे. दुपारनंतर ती फोर्कलिफ्ट दमलेल्या बैलासारखी चाले. बॅटरी म्हणजे वजन आणि मंदपणा, ही माझी समजूत तिथली.

घाटातल्या त्या अर्ध्या मिनिटाने समजूत मोडली. पण मोडलेल्या समजुतीखाली मला दुसरेच काही सापडले. ते माझ्या आजीचे एक वाक्य होते. ती मुळशी पेट्यातल्या, धरणात गेलेल्या एका गावची लेक. १९२१ साली ती नऊ-दहा वर्षांची असावी. शेवटपर्यंत एक वाक्य तिच्या तोंडी असे : "आमच्या भातावर ममईची गाडी पळती रं." हे वाक्य कितपत खरे, हा प्रश्न मी पंचवीस वर्षे उराशी बाळगून आहे. पुतण्याची गाडी आणि आजीची गाडी, दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडता येईल असे मला त्या दिवशी प्रथम वाटले. हा लेख म्हणजे ती वही.

हौद आणि तोटी

आधी गाडीचे गणित. ते कठीण नाही. शाळेत शिकलेल्या न्यूटनच्या दुसऱ्या नियमापलीकडे फारसे जावे लागत नाही. जितके वजन जास्त, तितका तोच वेग गाठायला जोर जास्त. म्हणजे बॅटरी जड झाली की गाडी मंद व्हायला हवी. इथपर्यंत माझी फोर्कलिफ्टवाली समजूत बरोबर होती.

चूक पुढे होती. बॅटरी म्हणजे नुसते ओझे नव्हे, ती जोराचा उगमही आहे. पेट्रोलची टाकी मोठी केली तर इंजिनाची ताकद वाढत नाही. टाकी आणि इंजिन वेगळे. बॅटरीचे तसे नाही. तिच्यात किती वीज साठते हा एक प्रश्न, आणि ती किती वेगाने बाहेर काढता येते हा दुसरा. पहिला हौदाचा, दुसरा तोटीचा. बॅटरी शेकडो, कधी हजारो लहान घटांची बनलेली असते आणि प्रत्येक घट स्वतःची तोटी घेऊन येतो. घट वाढवले की हौद मोठा होतो आणि तोट्याही वाढतात.

सोपे आकडे घेऊ. बॅटरी सोडून गाडीचे वजन १,१०० किलो. त्यात ३० युनिट साठवणारी ३०० किलोची बॅटरी बसवली आणि ती ९० किलोवॉटची ताकद देते असे धरले. एकूण वजन १,४०० किलो; दर किलोमागे ताकद सुमारे ६४ वॉट. आता त्याच जातीची बॅटरी दुप्पट करा. वजन १,७०० किलो झाले, म्हणजे एकविसेक टक्क्यांनी वाढले. ताकद मात्र १८० किलोवॉट, म्हणजे दुप्पट. किलोमागे १०६ वॉट. जड झालेली गाडी अधिक चपळ झाली.

मात्र हे अनंत काळ चालत नाही. बॅटरी आणखी दुप्पट केली, १,२०० किलोंची, तर किलोमागे १५६ वॉट होतात. पहिल्या दुपटीने पासष्ट टक्के नफा झाला होता, दुसरीने पन्नासाच्या आत. आणि गाडीत माणूस बसायलाच नको, नुसती बॅटरीच धावू दे, असे म्हटले तरी ३०० वॉटच्या पुढे जाता येत नाही. शिवाय मोटर आणि तिचा विद्युत-नियंत्रक तेवढी ताकद पेलणारे हवेत. मोटर तीच ठेवून नुसती बॅटरी मोठी केली, तर पल्ला वाढेल पण गाडी मंदच होईल. आणि शेवटची सीमा टायरची. रस्त्यावर टायर जेवढे घट्ट धरून राहील त्याहून जास्त जोर चाकाला देऊन उपयोग नाही. चाक जागीच फिरेल. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरची पकड लक्षात घेता शून्यातून ताशी १०० किलोमीटर गाठायला तीनेक सेकंद लागणारच, मग बॅटरी कितीही मोठी असो.

हे कागदावरचे गणित पुणे जिल्ह्यातच उभे असलेले दिसते. रांजणगावला बांधली जाणारी टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटची, ताकद १२९ अश्वशक्ती, म्हणजे ९५ किलोवॉट, वजन सुमारे १,४०० किलो. कंपनीचा दावा शून्यातून १०० चा वेग ९.९ सेकंदांत. २०२२ मध्ये तिचीच मोठ्या बॅटरीची आवृत्ती आली, ४०.५ युनिटची. वजन वाढले; पण ताकदही १४३ अश्वशक्ती झाली आणि दावा नऊ सेकंदांच्या आत आला. ओझे वाढले आणि वेळ घटला.

इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीलाच का झेपावते, याचे उत्तर मात्र बॅटरीत नसून मोटरमध्ये आहे. पेट्रोलच्या इंजिनाला जोर दाखवण्याआधी फेरे वाढवावे लागतात. म्हणून क्लच, म्हणून गिअर. विजेची मोटर जागच्या जागी उभी असतानाच पूर्ण पीळ देते. नेक्सॉनची २४५ न्यूटन-मीटरची पीळशक्ती पहिल्या इंचापासून हाताशी असते. घाटात टेम्पो बाजूला झाल्याबरोबर माझे डोके मागे गेले ते यामुळे.

कधीच तृप्त न होणारी

हे सगळे नवे आहे असे पुतण्याला वाटते. ते नवे नाही. पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर याने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची साठवण वाढवली. आणि रस्त्यावरच्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरची सीमा प्रथम ओलांडली ती पेट्रोलवर नव्हे, या शिशाच्या बॅटरीवर. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियन कामीय जेनात्झी याने पॅरिसजवळ तोफगोळ्याच्या आकाराच्या आपल्या गाडीतून १०५.८८ चा वेग गाठला. गाडीचे नाव 'ला जामे काँतांत', म्हणजे 'कधीच तृप्त न होणारी'.

या गाडीचे वजन होते सुमारे १,४५० किलो. त्यातले जवळपास निम्मे बॅटरीचे. दोन मोटरी, प्रत्येकी २५ किलोवॉटच्या. आता ही गाडी नेक्सॉनशेजारी उभी करून पाहा. वजन जवळपास तेच. किलोमागे ताकद तिथे ३४ वॉट, इथे ६८. सव्वाशे वर्षांत नेमकी दुप्पट. पण जेनात्झीच्या गाडीत एका माणसाखेरीज काही नव्हते, छप्परसुद्धा नाही, आणि ती धावायची ती काही मिनिटांपुरती. नेक्सॉनमध्ये पाच माणसे, दारे, एअर-कंडिशनर आणि शेकडो किलोमीटरचा पल्ला. फरक पडला तो शिदोरीच्या वजनात.

शिशाची बॅटरी किलोमागे साधारण ३०-४० वॉट-तास साठवते. ३० युनिट तिच्यात भरायचे तर साडेआठशे-नऊशे किलो शिसे आणि ॲसिड वाहून न्यावे लागेल. तिची दुसरी खोड जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट याने १८९७ मध्ये सूत्रात बांधली : वीज जितक्या घाईने काढाल तितकी ती एकूण कमी मिळेल. म्हणजे तोटी मोठी केली की हौदच आटतो. माझी फोर्कलिफ्ट दुपारनंतर का दमायची, याचे उत्तर मला त्या सूत्रात वीस वर्षांनी मिळाले. सकाळी जड माल घाईघाईने उचललेला असायचा.

गंमत अशी, की त्या फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे वजन हा दोष नव्हताच. पुढच्या काट्यावर दीड टनाचा माल उचलला की यंत्र पुढे झुकू नये म्हणून मागे वजन लागतेच. बॅटरी ते काम फुकट करायची. ओझे कुठे अडचणीचे आणि कुठे उपयोगाचे, हे यंत्रावर ठरते. हा मुद्दा पुढे रेल्वेच्या इंजिनाशी पुन्हा येणार आहे.

बॅटरीच्या मोटारींचा पहिला बहर फार टिकला नाही. स्वस्त पेट्रोल आले, आणि १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला. हँडल मारून हात मोडून घ्यायची भीती गेली. पेट्रोलच्या गाडीने एक लहानशी बॅटरी पोटात घेतली आणि मोठ्या बॅटरीच्या गाडीला रस्त्यावरून घालवले. लिथियमची बॅटरी यायला पुढे कितीतरी काळ गेला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत केलेल्या कामातून ती घडली, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना नोबेल मिळाले. मधल्या काळातला आपल्याकडचा ठळक प्रयत्न म्हणजे २००१ मध्ये बंगळुरूला रस्त्यावर आलेली रेवा. तिच्यात शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या, आणि वेग साधारण ताशी ६५ किलोमीटरच्या आतबाहेर. शिशाला जे शक्य होते ते तिने केले.

शिदोरी घरी ठेवून निघालेली गाडी

पण विजेवर धावायचे तर वीज सोबत घेऊनच निघावे लागते, असे कुठे आहे? शिदोरी वाटेत कुणी हातावर ठेवत गेले तर पाठीवर कशाला घ्यायची? मुंबईने हा प्रश्न बॅटरीच्या मोटारींच्या काळातच सोडवला होता. ९ मे १८७४ ला सुरू झालेली घोड्यांची ट्राम ७ मे १९०७ पासून विजेच्या तारेवर धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची रेल्वे धावली, १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. या गाड्यांना बॅटरीचे ओझे नव्हते, कोळसा-पाण्याचेही नव्हते. डोक्यावर तार, तारेला टेकलेला पँटोग्राफ, बस्स.

याचा अर्थ कळायला बोरघाटात जावे लागते. १८६३ मध्ये उघडलेल्या या घाटात रूळ ३७ फुटांना एक फूट चढतात. वाफेच्या इंजिनाला स्वतःचा कोळसा आणि पाणी वाहत ही चढण चढावी लागे. पुढे-मागे जादा इंजिने लावावी लागत, आणि मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनात गाडीची दिशा उलटी करावी लागे. पुण्यापर्यंत वीज आली तेव्हा, १९२९ मध्ये, ते स्टेशन इतिहासजमा झाले. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर.

घाटात मालगाड्या ओढण्यासाठी १९२८ पासून जी इंजिने आली त्यांना लोक 'खेकडा' म्हणत. सुरुवातीचे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर इथे बनलेले, सांध्यात वळणारे, वजन सुमारे सव्वाशे टन, ताकद २,६०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १,९४० किलोवॉट. किलोमागे जेमतेम साडेपंधरा वॉट! जेनात्झीच्या गाडीच्या निम्म्यानेही नाही. मग ते एवढे जड का? कारण रेल्वेच्या इंजिनाला वजन हवेच असते. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरू नये म्हणून. माझ्या फोर्कलिफ्टचीच गोष्ट, शंभरपट मोठी.

आता समजा, याच खेकड्याला तार नसती आणि त्याने बॅटरी वाहिली असती. पूर्ण ताकदीने एक तास चालायला १,९४० युनिट वीज. शिशाच्या बॅटरीतून घाईने काढलेली वीज म्हणून किलोमागे २५ वॉट-तास धरले, तर सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर टन वजन वाढले असते, तेही एका तासाच्या कामासाठी. तारेने ते टळले. रस्त्यावरही हा प्रयोग झाला : मुंबईत ११ जून १९६२ ला ट्रॉलीबस सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद झाली. रस्त्यावरची गाडी तारेखाली बांधून ठेवणे कुणाला सोयीचे नव्हते. मोटारीला मोकळीक हवी असते, आणि त्या मोकळिकीची किंमत म्हणजे बॅटरीचे वजन.

आजीचे वाक्य

तारेवरच्या गाडीने शिदोरी घरी ठेवली. पण ते घर कुणाचे होते?

टाटांच्या जलविद्युत योजनेचे पहिले वीजघर खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झाले, दुसरे भिवपुरीला १९२२ मध्ये. तिसऱ्यासाठी निवडली गेली नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळची जागा, मुळशी. पूर्वेला वाहणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून जवळपास पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचे. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळायची. पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली किंवा योजनेखाली जायची. ही जमीन आंबेमोहोर पिकवणारी होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनी तुरुंगवास पत्करला. सरकारने भूसंपादनाचा कायदा एका खाजगी कंपनीच्या कामी लावला होता, हा लोकांच्या संतापाचा गाभा. या लढ्याचा सखोल अभ्यास राजेंद्र व्होरा यांनी केला आहे. तो वाचताना मला एक गोष्ट टोचली ती अशी, की लढणाऱ्यांतही एकी नव्हती. जमिनीची कागदोपत्री मालकी पुष्कळशी पुण्याच्या सावकारांकडे होती. त्यांना मोबदला चांगला मिळाला तर जमीन सोडायला फारशी हरकत नव्हती. कसणाऱ्या मावळ्याला मोबदला मिळून तरी काय मिळणार होते? माझ्या आजीच्या वडिलांच्या हातात कोणता कागद होता, हे मला आजवर कळलेले नाही. बहुधा कोणताच नसावा. लढा मंदावला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले.

आता आजीच्या वाक्याकडे. "आमच्या भातावर ममईची गाडी पळती." तारखा समोर ठेवल्या की वाक्य डळमळते. पहिली विजेची गाडी धावली १९२५ मध्ये. तेव्हा मुळशीचे पाणी भिऱ्यात पडायला दोन वर्षे अवकाश होता. त्या गाडीला वीज टाटांचीच होती, पण ती आधीच्या तलावांच्या पाण्याची, मुळशीच्या नव्हे. बोरघाटातला खेकडा आणि डेक्कन क्वीन? त्यांच्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे इथे १९२९ मध्ये स्वतःचे वीजघर उभारले होते, आणि ते कोळशावर चालत असे. म्हणजे डेक्कन क्वीनला ओढणारा जोर मुख्यतः कोळशाचा होता.

हे मला पंधरा वर्षांपूर्वी उमगले तेव्हा वाईट वाटले. आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती, तिला खोटे ठरवल्यासारखे झाले. मग पुढचा कागद पाहिला. भिऱ्याची वीज १९२७ पासून टाटांच्या त्याच जाळ्यात मिसळू लागली, जिथून गिरण्या चालत होत्या आणि ट्राम धावत होती. एकदा जाळ्यात गेलेल्या विजेवर गावाचे नाव नसते. चर्चगेटच्या बाजूच्या लोहमार्गावर जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. तीही मुंबईच्याच विजेच्या पसाऱ्यातली. आजीने गाडी चुकीची धरली असेल. पण तिच्या भाताचा जोर मुंबईच्या कुठल्या ना कुठल्या चाकाला लागत होता, हे काही खोटे नाही. आणि १९७० च्या दशकात, मी लहान असताना, धरणाकाठच्या नातेवाइकांकडे आम्ही मुक्कामाला जायचो तेव्हा संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचे काम माझ्याकडे असे. डोंगरापलीकडे वीज पाठवणाऱ्या पाण्याच्या काठी आम्ही कंदिलात बसत होतो.

अडीच टँकर

आता दोन्ही हिशेब एकत्र मांडतो.

एक टन पाणी पाचशे मीटर खाली पडले की १.३६ युनिट इतकी ऊर्जा मुक्त होते. यंत्रांतली गळती वजा जाता सुमारे १.२ युनिट वीज हाती येते. पुतण्याच्या गाडीची बॅटरी नेक्सॉनच्या पहिल्या आवृत्तीएवढी, ३० युनिटची, धरू. ती एकदा पूर्ण भरायला पंचवीस टन पाणी भिऱ्याच्या कड्यावरून खाली जायला हवे. भुकूम-भूगावच्या वाचकांना टन सांगायला नकोत. उन्हाळ्यात आमच्या सोसायट्यांच्या दारात दहा हजार लिटरचे टँकर उभे असतात. तसे अडीच टँकर. पाचशे मीटर उंचीवरून ओतलेले अडीच टँकर पाणी आता सीटखालच्या काही शे किलोंत मावते.

आणि तो घाटातला झटका? दोन माणसांसह १,५५० किलोची गाडी शून्यातून १०० च्या वेगाला न्यायची तर एका युनिटचा सहावा हिस्सा ऊर्जा लागते. वाटेतली सगळी गळती धरली तर जवळपास दोनशे लिटरचे एक पिंप पाणी. नऊ-दहा सेकंदांत एक पिंप. चढणीचा खर्च त्यामानाने थोडा : वीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर ताशी ४० किलोमीटरने चढायला केवळ साडेआठ किलोवॉट पुरतात, आणि शंभर किलो जादा बॅटरीचा त्यातला वाटा अर्ध्या किलोवॉटच्या आसपास. उतरताना मोटर उलट जनित्र होऊन त्यातले काही परतही देते. म्हणजे जड बॅटरीचा खरा भुर्दंड एकसारख्या चालीत फार पडत नाही. पडतो तो घटकेघटकेला झेपावण्यात आणि ब्रेक दाबण्यात. आमच्या रस्त्यावर तेच जास्त चालते, ही गोष्ट वेगळी.

अर्थात आज पुतण्याच्या गाडीत शिरणारी वीज भिऱ्याचीच असे नाही. महाराष्ट्रातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. बॅटरीतला लिथियम दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या वाळवंटातून येऊ शकतो, कोबाल्ट असला तर बहुधा काँगोतून. प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी जमीन आहे. मी इलेक्ट्रिक गाडीच्या विरुद्ध नाही. चाळीस वर्षे या रस्त्यावरचा धूर गिळल्यानंतर कसा असेन? १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर विजेची 'शिवाई' निघाली, तेव्हा मला आनंदच झाला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या धुरीवर मोटारी चालवल्या जात, आणि त्या चढावर दम सोडत. त्या गोष्टी सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. शिदोरी हलकी होत जाणे ही माणसाच्या कष्टाची कमाई आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की गाडीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात, वजन आणि ताकद, आणि त्यांच्या भागाकारातून वेग कळतो. तिसरा आकडा तिथे नसतो. तो मला शोधावा लागला, कारण तो आमच्या घरातला होता.

घाट उतरून आम्ही पौडच्या दिशेने पुढे गेलो आणि चहाला थांबलो. पुतण्याने विचारले, "कशी वाटली, काका?" मी म्हटले, छान आहे, आता पुढे धरणापर्यंत ने. तिथून ते पंचवीसेक किलोमीटर असेल. भिंत दिसेल अशा ठिकाणी त्याने गाडी उभी केली. पाणी भरपूर होते. त्याने बॅटरी किती उरली ते पाहिले, आणि मी त्याला पहिल्यांदा सांगितले की त्याच्या पणजीचे माहेर साधारण कुठल्या बाजूला होते. त्याने तिकडे पाहिले. "किती खोल असेल?" त्याने विचारले. ते मला सांगता आले नाही.

परत आल्यावर जुन्या वहीत आजीच्या वाक्यासमोर मी पंधरा वर्षांपूर्वी पेन्सिलने 'चूक' असे लिहिले होते, ते खोडले. त्याजागी शाईने लिहिले : गाडी दुसरी, भात आमचा.